सिंधुसागराचे जन्मवर्ष



सकाळी अंथरुणातून उठल्यावर, जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी, भूमातेची क्षमा मागण्याची रीत आपल्याकडील अनेक घरांत अजून टिकून आहे. त्या प्रार्थनेत भूमीचे जे रूप डोळ्यांपुढे उभे राहते त्यात समुद्र हे तिचे वस्त्र आहे. पूर्वेकडे गंगासागर, पश्चिमेकडे सिंधुसागर. हे वस्त्र तिने केव्हा परिधान केले? प्रश्न वरवर काव्यात्म वाटेल. परंतु गेल्या चार-पाच दशकांत तो प्रयोगशाळेतला प्रश्न झाला आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत, किती चूक संभवते या हिशेबासह, देता येऊ लागले आहे. ते उत्तर ज्या दगडांत दडले आहे ते दगड कोठे दूरदेशी नाहीत. अंधेरीत आहेत, मनोरीत आहेत, उडुपीजवळच्या मालपे बंदरासमोर आहेत.

प्रारंभ एका नावापासून करावा लागेल. भारत, आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका हे सारे भूभाग एकेकाळी एकसंध होते. त्या महाखंडाला जगभरचे शास्त्रज्ञ ‘गोंडवन’ म्हणतात. हे नाव मध्य भारतातील गोंड जनजातीच्या प्रदेशावरून पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये आपल्याकडील कोळसायुक्त खडकांच्या मालिकेला हे नाव दिले, आणि १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडवर्ड स्यूस यांनी ते उचलून संपूर्ण दक्षिणेकडील महाखंडाला लावले. आज अर्जेंटिनातील वा टास्मानियातील विद्यार्थीही भूगर्भशास्त्र शिकताना गोंडांच्या भूमीचे नाव घेतो. चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा त्याच मालिकेतला, आणि त्या थरांत सापडणारी ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पाने अंटार्क्टिकाच्या बर्फाखालील खडकांतही सापडतात.

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असे सांगितले तेव्हा अशा पानांचा, खडकांचा आणि किनाऱ्यांच्या आकारांचा पुरावा त्यांच्यापुढे होता. मात्र या पुराव्याची एक मर्यादा आहे. फाटलेल्या पत्राचे दोन तुकडे जुळले म्हणजे पत्र एकच होते एवढे सिद्ध होते. ते कोणत्या दिवशी फाडले गेले हे तुकड्यांच्या कडा सांगत नाहीत. त्यासाठी फाडताना तेथे सांडलेली शाई लागते. खंड फाटतात तेव्हा अशी शाई सांडते. पृथ्वीचे कवच ताणले जाते, पातळ होते, भेगा पडतात आणि त्या भेगांतून लाव्हारस वर येतो. तो थिजला की त्याच्या आत एक घड्याळ सुरू होते.

दगडातले घड्याळ

पोटॅशियम हे मूलद्रव्य बहुतेक ज्वालामुखीजन्य खडकांत असते. त्याच्या दर दहा हजार अणूंमध्ये एखादा अणू किरणोत्सारी असतो, त्याला पोटॅशियम-४० म्हणतात. हे अणू अतिशय मंद गतीने नष्ट होतात. अर्धे नष्ट व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. नष्ट होणाऱ्या दर शंभर अणूंपैकी साधारण अकरा अणूंचे रूपांतर आर्गॉन या वायूत होते, उरलेल्यांचे कॅल्शियममध्ये. लाव्हा द्रवरूप असतो तोवर हा वायू बुडबुड्यांबरोबर निघून जातो. लाव्हा थिजला की वायू स्फटिकांत कोंडला जाऊ लागतो. म्हणजे दगड थिजण्याचा क्षण हा घड्याळाचा शून्य क्षण. त्यानंतर किती आर्गॉन साठला आणि किती पोटॅशियम उरले हे मोजले की वय निघाले.

सांगायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात दगड खोटेही बोलतो. पावसाचे आणि समुद्राचे पाणी खडकात मुरते आणि आर्गॉन झिरपून जातो. मग दगड आपले वय कमी सांगतो. कधी लाव्हाबरोबर वर आलेला जुना वायू आत अडकून राहतो. मग तो वय जास्त सांगतो. आमच्या कोकणात तर पाऊस असा की ताजा, न कुजलेला कातळ शोधणे हीच निम्मी कसोटी.

या अडचणीवर १९६६ मध्ये क्रेग मेरिह्यू आणि ग्रेनव्हिल टर्नर यांनी उपाय काढला. दगडाचा नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनांचा मारा करायचा. त्यामुळे त्यातील साध्या पोटॅशियमचा काही अंश आर्गॉन-३९ या निसर्गात जवळजवळ न आढळणाऱ्या प्रकारात बदलतो. आता पोटॅशियम निराळे मोजण्याची गरज उरत नाही. एकाच वायूतील दोन प्रकारांचे गुणोत्तर मोजले की पुरे. आणि खरी चतुराई पुढे आहे. नमुना एकदम न वितळवता पायरीपायरीने तापवायचा, दर पायरीला बाहेर पडलेल्या वायूचे वय वेगळे काढायचे. स्फटिकांच्या कडांवरचा बिघडलेला वायू आधी सुटतो, गाभ्यातला अस्सल वायू उशिरा. ओळीने अनेक पायऱ्यांवर एकच वय येत राहिले, म्हणजे आलेखावर सपाट रेषा उमटली, की ते वय विश्वासार्ह. या सपाट रेषेला शास्त्रज्ञ ‘पठार’च म्हणतात. दख्खनच्या पठाराचे वय आलेखावरच्या पठाराने ठरावे, हा योग गमतीचा खरा.

भारतात हे काम प्रथम रुजले ते विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये अहमदाबादेत स्थापन केलेल्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत. तेथील वेंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी १९९३ मध्ये सह्याद्रीतील लाव्हाथरांच्या वयांवर लिहिलेला निबंध आजही उद्धृत होतो. पुढे पवईच्या आयआयटीतही अशी प्रयोगशाळा उभी राहिली. नमुने भारतीय डोंगरांतले, न्यूट्रॉनांचा मारा ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील अणुभट्टीत, मोजमाप पवईत. परकीय प्रयोगशाळेकडे दगड पाठवून उत्तराची वाट पाहत बसण्याची वेळ राहिली नाही, ही गोष्ट स्वदेशीच्या चर्चेत क्वचितच कोणी सांगतो.

मालपेसमोरची बेटे

सिंधुसागराचा जन्म एका दिवसात झालेला नाही. भारताच्या पश्चिम अंगापासून प्रथम मादागास्कर सुटले आणि बऱ्याच काळानंतर सेशेल्सचा तुकडा. पहिल्या घटनेची साक्ष उडुपीजवळ आहे.

श्रीकृष्णाच्या दर्शनाला उडुपीस जाणारे महाराष्ट्रातील यात्रेकरू बहुधा मालपेच्या किनाऱ्यावरही जातात. तेथून होडीने सेंट मेरी बेटांवर जाता येते. पोर्तुगीजांनी दिलेले हे नाव रूढ झाले आहे. बेटांवर उभे, बहुकोनी दगडी स्तंभ आहेत, जणू कोणी कारागिराने पैलू पाडून एकमेकांना खेटून उभे केलेले. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. हे स्तंभ बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचे, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. हा खडक सिलिका अधिक असलेला, रायोलाइट आणि डेसाइट या जातींचा आहे. दख्खनच्या लाव्हाशी त्याचा संबंध नाही, तो त्याहून कितीतरी जुना आहे.

किती जुना? पोटॅशियम-आर्गॉनच्या जुन्या पद्धतीने त्याचे वय सुमारे ९.३ कोटी वर्षे निघाले होते. २००० मध्ये नॉर्वेतील ट्रॉन्ड टॉर्सविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकातील झिर्कॉन या खनिजातील युरेनियम आणि शिशाचे प्रमाण मोजून ९.१२ कोटी वर्षे हे उत्तर काढले. २००१ मध्ये कांचन पांडे, हेतू शेठ आणि रजनीश भूतानी यांनी आर्गॉनच्या सुधारित पद्धतीने ८.५६ कोटी वर्षे हे वय दिले, त्यात चूक नऊ लाख वर्षांची संभवते असे नमूद करून. नऊ लाख वर्षांची चूक ऐकून श्रोत्यांना हसू येणे स्वाभाविक आहे. पण प्रमाण पाहावे. साठ वर्षांच्या गृहस्थाचे वय चेहऱ्यावरून सांगताना सात-आठ महिन्यांची चूक व्हावी, तेवढीच ही चूक आहे. जन्मपत्रिका हाती नसताना इतके अचूक कोणाला सांगता येईल?

मग तीन उत्तरे का? झिर्कॉन भूगर्भातच स्फटिकरूप घेतो, लाव्हा वर येण्याआधी, आणि त्याचे घड्याळ तेव्हापासून चालते. आर्गॉनचे घड्याळ खडक पुरेसा थंड झाल्यावर. एकाच घरातील दोन घड्याळे दोन निरनिराळ्या घटनांपासून मोजत असतील तर त्यांचे काटे जुळणार नाहीत, आणि त्यामुळे दोन्ही खोटी ठरत नाहीत. तरीही साठ लाख वर्षांचा फरक एवढ्याने भरून निघतो का, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. असे मतभेद उघडपणे, आकड्यांसह मांडले जातात हेच विज्ञानाचे बळ आहे. कोणा एकाच्या पदामुळे वा प्रतिष्ठेमुळे प्रश्न मिटत नाही.

आता समुद्रापलीकडे पाहावे. मादागास्करच्या दीर्घ पूर्व किनाऱ्यावर आणि अन्यत्र जे ज्वालामुखीजन्य खडक आहेत त्यांची वये ८.४ ते ९.२ कोटी वर्षांच्या दरम्यान आहेत. मालपेच्या बेटांची तिन्ही उत्तरे याच काळाच्या आत-बाहेर पडतात. आज या दोन जागांमध्ये चार हजार किलोमीटरहून अधिक समुद्र आहे. तेव्हा ती एकाच भेगेची दोन ओठ होती.

या तारखांचे मोल आणखी एका कारणाने वाढते. समुद्रतळाच्या खडकांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या उलटसुलट होण्याचे पट्टे नोंदले जातात आणि त्यांवरून समुद्र केव्हा व किती वेगाने रुंद झाला ते वाचता येते, हे १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी दाखवले. परंतु सुमारे १२.१ ते ८.४ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रदीर्घ काळात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटलेच नाही. पट्टे उमटलेच नाहीत. समुद्रतळाची वही त्या काळापुरती कोरी आहे. मादागास्कर आणि भारत यांची ताटातूट नेमकी याच कोऱ्या पानांवर घडली. साक्षीदार म्हणून उरले ते किनाऱ्यावरचे दगड.

पूर्वेकडील गंगासागराची कथा याहून जुनी आहे. भारत अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियापासून त्याआधीच विलग होऊ लागला होता. झारखंडमधील राजमहाल टेकड्यांचा लाव्हा सुमारे ११.८ कोटी वर्षांचा आहे आणि त्याचे नाते दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन पठाराशी जोडले जाते. याच राजमहालातील वनस्पतींच्या जीवाश्मांवर बीरबल साहनी यांनी जगन्मान्य काम केले. त्यांनी १९३४ मध्ये दख्खनच्या लाव्हाचे वयही जीवाश्मांवरून तपासून पाहिले होते आणि तो तोवर समजला जात असे त्यापेक्षा तरुण असावा असे मत मांडले होते. वादाचा निकाल लागण्यासाठी आर्गॉनच्या घड्याळाची वाट पाहावी लागली.

मुंबईचा कातळ काय सांगतो

दख्खनचा लाव्हा हा महाराष्ट्राचा पाया. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. रायगड, राजगड, प्रतापगड त्यावरच उभे आहेत, अजिंठा-वेरूळ त्यातच कोरलेले आहेत. या प्रचंड लाव्ह्याचा मुख्य भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने अल्पकाळात, बाहेर पडला. २०१५ मध्ये ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी घाटातील दोन लाव्हाथरांमध्ये दिसणाऱ्या तांबड्या मातीच्या पट्ट्यांतून ज्वालामुखीच्या राखेतले झिर्कॉन वेचले आणि मुख्य उद्रेक साडेसात लाख वर्षांत आटोपला असे दाखवले. घाटातून जाताना काळ्या कड्यात आडवी तांबडी रेघ सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्यात असे काही असेल याची कल्पना कोणाला?

साहजिकच असे वाटे की याच महाउद्रेकाने सेशेल्सचा तुकडा भारतापासून तोडला. कारण आणि कार्य यांची साखळी सरळ जुळत होती. परंतु तारखांनी ती इतकी सरळ राहू दिली नाही.

२००१ मध्ये शेठ, पांडे आणि भूतानी यांनी मुंबईतील मनोरी आणि साकीनाका येथील ट्रॅकाइट खडकांची वये प्रसिद्ध केली. ती ६.०४ आणि ६.१८ कोटी वर्षे निघाली. म्हणजे मुंबईचे हे खडक सह्याद्रीच्या मुख्य लाव्ह्यापेक्षा पन्नास लाख वर्षांच्या आसपास तरुण! नंतर पांडे, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे यतीश आणि शेठ यांनी २०१७ मध्ये मुंबईच्या काळ्या बेसॉल्टची वये मोजली. ती सुमारे ६.२५ कोटी वर्षे आली. सेशेल्स आणि भारताच्या बाजूची लक्ष्मी कटक ही समुद्राखालील डोंगररांग यांच्यामध्ये समुद्रतळ पसरू लागला तो काळ चुंबकीय पट्ट्यांवरून ६.२५ ते ६.३५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. खुद्द सेशेल्समधील सिलुएट आणि नॉर्थ या बेटांवरचे ज्वालामुखीजन्य खडकही सुमारे ६.३ कोटी वर्षांचे आहेत. तीन स्वतंत्र साक्षीदार, तीन निरनिराळ्या जागी, आणि जबानी एकच.

यावरून निष्कर्ष असा निघतो की सह्याद्री घडवणारा महाउद्रेक आधी झाला. त्यानंतर सुमारे तीस-पस्तीस लाख वर्षांनी कवच प्रत्यक्ष तुटले, आणि तुटताना दुसऱ्यांदा, लहान प्रमाणावर, लाव्हा आला. मुंबई ही त्या दुसऱ्या लाव्ह्याची नगरी आहे. महाउद्रेकाने कवच दुबळे केले आणि ताण पुढे वाढत जाऊन ते तुटले, की ताण आधीपासूनच होता आणि लाव्ह्याने त्याचा फायदा घेतला, यावर आजही मतांतरे आहेत. भूगर्भातून वर येणाऱ्या उष्ण स्तंभाची कल्पना जेसन मॉर्गन यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी मांडली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि रेयूनियन अशी दक्षिणेकडे तरुण होत जाणारी रांग त्या कल्पनेला आधार देते. शेठ यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली आहे. वाद खुला आहे, आणि वाद करणाऱ्यांत भारतीय आहेत.

तुटण्याची खूण जमिनीवर डोळ्यांनी दिसते. पुण्याहून येताना घाटात लाव्हाचे थर पुस्तकांच्या चवडीसारखे आडवे असतात. पनवेलच्या पश्चिमेला आणि उत्तरेकडे किनाऱ्याला समांतर एका पट्ट्यात तेच थर समुद्राकडे कललेले आढळतात. याला पनवेल वळी म्हणतात. वज्रेश्वरी आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे याच पट्ट्याच्या परिसरात आहेत, जेथे भेगांतून पाणी खोल जाऊन तापून वर येते. आता तर्क पाहावा. थर आधी आडवा थिजतो, मग वाकतो. वाकलेल्या थराचे वय ६.२५ कोटी वर्षे असेल तर वाकणे त्यानंतरचेच असले पाहिजे. एका दगडाच्या वयाने संपूर्ण किनारपट्टीच्या खचण्याची कालमर्यादा ठरून जाते. हा खचलेला भाग पुढे समुद्राखाली गेला, त्यावर गाळ साचत राहिला, आणि १९७४ मध्ये तेथेच मुंबई हायचे तेल सापडले.

मुंबईतील लाव्हाथरांमध्ये गोड्या पाण्यातील गाळाचेही थर आहेत. वरळी येथे अशा थरात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले, त्यांचे वर्णन एकोणिसाव्या शतकातच झाले. लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमध्ये तळी होती, डबकी होती, त्यांत बेडूक होते. पावसाळ्यात ते ओरडतही असणार! समुद्र मात्र अद्याप अरुंद होता, आणि पलीकडच्या काठावर सेशेल्स.

आज ते बेट मुंबईपासून सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर दूर आहे. त्याच्या मुख्य बेटांवरचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा आहे आणि राजस्थानातील मालाणी खडकांचा समकालीन आहे. ताटातुटीनंतर भारत उत्तरेकडे वर्षाला पंधरा सेंटिमीटर वा त्याहून अधिक वेगाने धावला, माणसाची नखे वाढतात त्याच्या चौपटीने. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला. हिमालय उभा राहू लागला.

मॉरिशसचा एक कण

मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही गणेशोत्सव साजरा करतात, आणि महाशिवरात्रीला हजारो हिंदू पायी चालत गंगा तलावावर जातात. हा तलाव ज्वालामुखीच्या मुखात साठलेल्या पाण्याचा आहे. बेट तरुण आहे, तेथील सर्वांत जुना लाव्हाही एक कोटी वर्षांचा नाही. तरीही २०१७ मध्ये लुईस ॲशवाल आणि सहकाऱ्यांनी तेथील अवघ्या ५७ लाख वर्षांच्या ट्रॅकाइट खडकातून असे झिर्कॉन काढले, ज्यांचे वय ३०० कोटी वर्षांपर्यंत जाते. तरुण लाव्ह्याने वर येताना वाटेतल्या अतिप्राचीन खंडाचे कण उचलून आणले होते. भारत आणि मादागास्कर दूर होताना त्यांच्यामधला एक तुकडा तुटून समुद्राखाली राहिला आणि मॉरिशस त्याच्यावर उभे आहे, असा याचा अर्थ लावला जातो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा बातम्या आल्या की लगेच भ्रमणध्वनीवरून संदेश फिरू लागतात. बुडालेल्या खंडावर प्राचीन संस्कृती होती, पुराणांत तिचा उल्लेख आहे, विज्ञानाने आता ते मान्य केले, वगैरे. ‘लेम्युरिया’ ही बुडालेल्या खंडाची कल्पना मुळात फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाची, १८६४ सालची. लेमूर जातीचे प्राणी मादागास्करला आणि त्यांच्यासारखे प्राणी भारतात कसे, या कोड्याचे उत्तर म्हणून त्यांनी ती सुचवली. खंड सरकतात हे कळल्यावर तिची गरजच संपली. मनुष्यजातीचे वय सुमारे तीन लाख वर्षे आहे. सेशेल्स सुटले ६.२५ कोटी वर्षांपूर्वी. मध्ये दोनशे पटींचे अंतर आहे. ही ताटातूट पाहायला कोणी ऋषी नव्हते, कोणी राजा नव्हता.

परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकणभूमी निर्माण केली, ही कथा कोकणी माणसाच्या श्रद्धेचा भाग आहे. तिचा आदर तिच्या जागी राहील. परंतु ती भूगर्भशास्त्राचा दाखला म्हणून पुढे करणे म्हणजे कथेचा आणि शास्त्राचाही अवमान आहे. भारतभूमीच्या कडा कोट्यवधी वर्षांत कितीदा बदलल्या, तिचे शेजारी बदलले, ती विषुववृत्त ओलांडून आली. राष्ट्र त्या कातळाने घडत नाही, त्या कातळावर राहून त्याला माता मानणाऱ्या माणसांनी घडते. कातळाचे वय राष्ट्राच्या खात्यावर जमा करण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी एवढा भेद ध्यानी ठेवला तर परिषदांमध्ये मान खाली घालण्याचे प्रसंग येणार नाहीत.

साक्षीदार किती दिवस उभे राहतील?

आता शेवटचा आणि अधिक व्यावहारिक मुद्दा. तारीख काढण्यासाठी दगड लागतो, तोही मूळ जागी असलेला. त्याच्या खाली काय आहे, वर काय आहे, तो कोणत्या बाजूला कलला आहे हे सर्व नोंदून नमुना घ्यावा लागतो. ट्रकमधून आलेल्या खडीचे वय मोजता येईल, पण ते कशाचे वय हे सांगता येणार नाही. आणि मुंबईच्या टेकड्या गेली दीडशे वर्षे खडी होत आल्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची देखणी वास्तू कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टची आणि मालाडच्या पिवळसर ट्रॅकाइटची आहे. त्या काळी त्या दगडाचे सोने झाले. पुढे सुरुंग लावून फोडलेले बहुतेक दगड रस्त्यांखाली आणि इमारतींच्या पायांत गेले, आणि आता खाणींच्या जागी निवासी संकुले आहेत.

अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी त्यातून वाचली, पण ती पूर्ण टेकडी नव्हे. सभोवतीचा भाग खाणकामात गेला आणि सुमारे साठ मीटर उंचीचा उभ्या स्तंभांचा सुळका तेवढा शिल्लक राहिला. पायथ्यापर्यंत वस्ती आली आहे. सेंट मेरी बेटांचे स्तंभ पाहायला लोक होडीने जातात, गिल्बर्टचे स्तंभ खिडकीतून दिसतात आणि कोणी पाहत नाही.

केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये चर्चेसाठी प्रसिद्ध केला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भारताने युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत सात नैसर्गिक स्थळांची भर घातली. त्यांत पाचगणी व महाबळेश्वर येथील दख्खनचा लाव्हा आहे आणि सेंट मेरी बेटेही आहेत. म्हणजे महाउद्रेकाचा साक्षीदार आणि मादागास्करच्या ताटातुटीचा साक्षीदार, दोघांची नोंद झाली. सेशेल्सच्या ताटातुटीचा, म्हणजे सिंधुसागराने आजचे रूप धारण करण्यास प्रारंभ केला त्या क्षणाचा साक्षीदार जो मुंबईचा कातळ, त्यातील एकही जागा त्या सातांत नाही.

गिल्बर्ट टेकडीच्या माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामातेची मंदिरे आहेत, आणि कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांनी भाविक वर जातात. मुंबई आणि ठाण्याच्या शाखांनी बालांची सहल एकदा तेथे न्यावी. पायथ्याशी थांबून स्तंभांच्या कडा मुलांना मोजायला सांगाव्यात. पाच, सहा, क्वचित सात येतील. लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला, म्हणून हे पैलू पडले, एवढे त्यांना सांगितले तरी पुरे. हातोडी बरोबर नेऊ नये. दर्शन घेऊन मंदिरासमोर उभे राहिले की पश्चिमेकडे, इमारतींच्या फटींतून, समुद्राची रेघ शोधावी. सेशेल्स तेथून नैर्ऋत्येला आहे.